त्रिकोणांचे वर्गीकरण

त्रिकोण दोन गोष्टींवरून ओळखतात : किती बाजू सारख्या आणि सर्वांत मोठा कोन केवढा. बाजूंवरून समभुज, समद्विभुज व विषमभुज. कोनांवरून लघुकोन, काटकोन व विशालकोन. कोनांची बेरीज 180° असल्याने काटकोन किंवा विशालकोन एका त्रिकोणात एकच मावतो. उरलेले दोन लघुकोनच असतात. म्हणून लघुकोन त्रिकोण म्हणायला एक-दोन कोन पाहून भागत नाही, तिन्ही पाहावे लागतात. विद्यार्थी हमखास चुकतात ते इथेच.

प्रत्येक त्रिकोणाला दोन्ही नावे लागतात. कंपासपेटीतले दोन्ही गुण्ये काटकोन त्रिकोणच, पण 45° चा समद्विभुज आणि 30°-60° चा विषमभुज. अशा 9 जोड्यांपैकी 7 च प्रत्यक्षात येतात, कारण समभुजाचा प्रत्येक कोन 60° असतो. तो काटकोन वा विशालकोन होऊच शकत नाही. (युक्लिडने समद्विभुजाच्या दोनच बाजू समान मानल्या. आज किमान दोन मानतात, आणि तेच अधिक सोयीचे : समद्विभुजाचे सिद्ध केलेले सारे समभुजालाही आपोआप लागू पडते.)

कोनमापक नसला तरी बाजूंवरून कोन कळतो. सोलापुरात घराचा पाया आखताना गवंडी कोपऱ्यापासून एका दोरीवर 3 फुटांवर, दुसरीवर 4 फुटांवर खूण करतो. खुणांमधले अंतर 5 फूट भरले की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात आला. बाजूंचे वर्ग पाहा : 9 + 16 = 25. मोठ्या बाजूचा वर्ग इतर दोन वर्गांच्या बेरजेहून कमी आला तर त्रिकोण लघुकोन, जास्त आला तर विशालकोन. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) 9, 10, 17 बाजूंचा त्रिकोण आहे. 289 हे 181 हून मोठे, म्हणजे विशालकोन. 9 ची बाजू पाया धरली तर समोरच्या शिरोबिंदूतून टाकलेला लंब पायाच्या बाहेर पडतो आणि लंबापासून पायाच्या एका टोकापर्यंतचा खंड उणे 6 येतो. तो उणे खंड भास्कराचार्यांनी टाकून दिला नाही. उलट्या दिशेचा म्हणून स्वीकारला.

सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) चढण्याआधी चौकटीच्या कागदावर उतरते. चौरस चौकटींच्या कोपऱ्यांवर शिरोबिंदू ठेवून काटकोन समद्विभुज त्रिकोण सहज काढता येतो. समभुज मात्र कितीही मोठा कागद घेतला तरी नेमका साधत नाही : चौकटींच्या कोपऱ्यांवर शिरोबिंदू असलेल्या कोणत्याही त्रिकोणाचे क्षेत्रफळ नेहमी पूर्ण किंवा अर्ध्या चौकटींत मोजता येते, समभुजाच्या क्षेत्रफळात √3 येतो.