ऑक्टोबर हीट आणि 'जवळ आलेला' सूर्य

दसरा-दिवाळीच्या सुमारास एक मेसेज हमखास फिरतो: 'सध्या सूर्य पृथ्वीच्या जवळ आलाय, म्हणून मुंबईत एवढा उकाडा.'

पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण 14.7 कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत लांब, 15.2 कोटींवर असते. म्हणजे अंतरावर उकाडा ठरला असता, तर मुंबईला सर्वाधिक घाम जानेवारीत फुटला असता! शिवाय ऑक्टोबरात दिल्लीची सकाळ गार व्हायला लागते. सूर्य दोन्ही शहरांना एकच आहे.

मग तापतं कशामुळे? पाऊस परततो, ढग हटतात आणि ऊन थेट जमिनीवर पडतं. जमीन ओलसर, हवेत दमटपणा भरपूर, त्यामुळे घाम वाळत नाही आणि जीव नकोसा होतो. त्यात वारा फिरतो. सकाळी तो पूर्वेकडून, तापू लागलेल्या जमिनीवरून येतो आणि समुद्राचा गार वारा अडून राहतो. हा वारा दुपारी उशिरा आत शिरला, की त्या दिवशी पारा 35-36 च्या पुढे जातो. खरी मेख इथेच आहे.

पडताळा घरबसल्या घेता येतो. कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन्ही ठिकाणचं कमाल तापमान रोज लिहून ठेवा, सोबत वारा पश्चिमेचा कधी झाला तेही. झेंडा किंवा गच्चीवरचे कपडे बघितले तरी कळतं. तिन्ही बाजूंनी पाणी असलेला कुलाबा बहुतेक दुपारी सांताक्रूझपेक्षा कमी तापलेला दिसेल.