जुन्या छोट्या गाडीला टर्बो बसवणे (कोकण)

मारुती ८००, झेन, जुनी अल्टो असल्या गाडीचं इंजिन स्वतःच्या ओढीने जेवढी हवा आत येईल तेवढ्यावर चालतं. त्याला बाहेरून दाबून हवा भरायची, आणि तेही भंगारातले पार्ट, लेथवाला आणि ओळखीचा वेल्डर यांच्या जिवावर, याला टर्बो बसवणे म्हणतात. एक्झॉस्टच्या गॅसवर एक पंखा फिरतो, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा पंखा इंजिनात हवा ढकलतो. मूळ कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअरची, पेटंट १९०५ चं. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर हाही पर्याय आहे, पण तो भंगारात सहसा सापडत नाही म्हणून विषय टर्बोवरच येतो.

कोकणात हे खूळ डोक्यात शिरतं ते घाटांमुळे. ८०० आली डिसेंबर १९८३ ला, बंद झाली जानेवारी २०१४ ला, इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडर, ताकद साधारण ३७ बीएचपी (हॉर्सपॉवर). देवगडहून चार माणसं आणि डिकीत हापूसच्या पेट्या घेऊन फोंडा घाटाने कोल्हापूरला निघा, चढ लागला की आधी एसी बंद, मग दुसरा गिअर, मग मागच्या एसटीचा हॉर्न. अशा वेळी कोणीतरी हमखास सांगतो की जपानमध्ये याच घराण्यातलं ६५७ सीसीचं इंजिन टर्बो लावून ६४ हॉर्सपॉवर देत होतं. खरं आहे ते, पण त्या इंजिनात कमी कॉम्प्रेशनचे (हवा-पेट्रोल कमी दाबणारे) पिस्टन, फ्युएल इंजेक्शन, इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारी जाळी) हे सगळं कंपनीतूनच विचार करून घातलेलं होतं.

आता हिशोब. जुन्या इंजिनाला झेपेल असा ०.४ बार बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला जादा दाब (बाहेरच्या हवेचा दाब साधारण एक बार), धरला तर कागदावर हवा ४० टक्के जास्त, पण दाबली की हवा तापते आणि तापली की विरळ होते, त्यामुळे हातात येतात ३० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ३७ चे ४८. एवढे तर कार्बोरेटरवाली झेन कारखान्यातून निघतानाच घेऊन यायची, हे बसवायच्या आधी कोणी सांगत नाही.

या सगळ्यात टर्बो हा सगळ्यात स्वस्त भाग. स्विफ्ट, व्हिस्टा, पुंटो अशा बऱ्याच गाड्यांत आलेल्या १.३ लिटर डिझेल इंजिनाचा छोटा केपी३५ टर्बो ८०० सीसीच्या पेट्रोल इंजिनाला मापात बसतो, तोच बहुतेक लोक शोधतात. पण डिझेलचा एक्झॉस्ट ७००-८०० डिग्रीपर्यंत, पेट्रोलचा ९०० च्या वर जातो, म्हणजे ती हाऊसिंग त्या तापासाठी बनलेलीच नाही. शिवाय जादा गॅस बाजूने सोडणाऱ्या वेस्टगेटची स्प्रिंग डिझेलच्या हिशोबाने कडक असते, ती न बदलता तशीच लावली तर बूस्ट एक बारच्या वर जातो आणि पहिल्याच मोठ्या चढाला हेड गॅसकेट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) उडते.

हायवेवर ओव्हरटेक करताना टर्बो दहा-पंधरा सेकंद राबतो, मग त्याला श्वास मिळतो. घाटात वीस मिनिटं सलग लोड, स्पीड ताशी २५-३०, समोरून वारा नाही. मे महिन्यात बाहेर ३४ डिग्री असताना ०.४ बारच्या बूस्टवरही टर्बोतून निघणारी हवा ८० च्या पुढे जाते, इंटरकूलरला वारा न मिळाल्याने तोही तापून बसतो, आणि तो रेडिएटरच्या पुढे लावलेला असल्यामुळे रेडिएटरचीही हवा अडते. म्हणजे ज्या घाटासाठी खर्च केला तिथेच हा जुगाड सगळ्यात आधी हात वर करतो.

खरे पैसे जातात पेट्रोल नीट पुरवण्यात. कार्बोरेटरमधून दाबाची हवा पाठवायची तर फ्लोटच्या वाटीवरही (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं ती जागा) तोच दाब द्यावा लागतो आणि पंपाने त्याहून जास्त जोर लावायला हवा, जुना डायफ्रामचा पंप तिथे हरतो. एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत मूळ सेन्सरला बूस्ट कळतच नाही, कॉम्प्युटर आपला जुन्या हिशोबाने पेट्रोल टाकत राहतो. पेट्रोल कमी पडलं की इंजिन नॉक मारतं (पेट्रोल नको तेव्हा आपोआप पेटतं), पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज, आणि तो ऐकू येऊनही पाय उचलला नाही तर पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते. टायमिंग मागे घेणं (ठिणगी थोडी उशिरा पाडणं) आणि ९५ ऑक्टेनचं पेट्रोल भरणं याने थोडा जीव वाचतो.

तेलाची लाईन हा आणखी एक घोळ. माझ्या आत्तेभावाच्या ८०० ने टर्बो बसवल्यावर निळा धूर सोडायला सुरुवात केली, सील गेलं म्हणून टर्बो दोनदा उघडला, काही सापडेना. शेवटी मालवणात ट्रॉलरची इंजिनं करणाऱ्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीने गाडीखाली हात घालून परतीची नळी चाचपली, ती एका ब्रॅकेटवरून बोटभर वर चढून मग संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) उतरत होती. "मेल्या, तेल चढाक वर कसा जातला?" एवढंच म्हणाला. तेल आत दाबाने जातं पण बाहेर नुसतं ओघळून पडतं, म्हणून परतीची नळी जाड, सरळ उताराची आणि संपमधल्या तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली लागते. नळी बदलली, धूर बंद.

खारी हवा आपलं काम करतेच: कनेक्टर हिरवे पडतात, क्लॅम्प गंजून बूस्ट फुसफुसतो, इंटरकूलरच्या पात्या पांढऱ्या होऊन भुगा होतात. बंपरमागे खाली लावलेला फिल्टर पावसात रस्त्यावरचं पाणी ओढतो आणि पाणी सिलिंडरात गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो.

कायद्यात हे बसत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली गाडीत असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. पंधरा वर्षांनंतर आरसी रिन्यू करायला गाडी आरटीओत न्यावीच लागते, तेव्हा लोक टर्बो काढून एक्झॉस्टचा जुना मॅनिफोल्ड (इंजिनाला जोडलेल्या नळ्यांचा भाग) परत लावतात, म्हणजे परत एकदा मेस्त्रीची मजुरी.

घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नसतं, तापलेल्या टर्बोत तेल करपून बेअरिंग जातं. म्हणून दाजीपूरच्या बाजूला वर आलं की असा गाडीवाला बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून दोन मिनिटं उभा असतो आणि येणारा-जाणारा विचारतो, गरम झाली काय ओ गाडी?