पक्षाघातोत्तर कलोपचार

पक्षाघाताच्या झटक्यातून वाचलेल्या, पण हात, बोलणे, लक्ष किंवा मन पूर्ववत न झालेल्या व्यक्तींसाठी रंग, माती, कागद, कापड अशा माध्यमांतून केला जाणारा उपचार. रुग्णालयांत ‘आर्ट थेरपी’ हाच शब्द अधिक चालतो. बोलीत या आजाराला ‘अंगावरून वारे गेले’ म्हणतात. वारे जाऊन काही महिने लोटले की फिजिओच्या फेऱ्या कमी होतात, विचारपूस करणारे पांगतात आणि उरलेली अधूता घरात मुक्काम ठोकते. कलोपचाराची खरी गरज तेव्हा लागते. चित्रकलेच्या वर्गाशी त्याची नेहमी गल्लत होते. वर्गात चित्र चांगले उतरावे ही अपेक्षा असते, तर कलोपचारात ते काढताना माणसाचे काय होते याकडे लक्ष असते.

मेंदूची डावी बाजू दुखावली तर उजवे अंग लुळे पडते आणि अनेकदा वाचाही जाते. याला वाचाघात म्हणतात. उजवी बाजू दुखावली तर डावे अंग जाते, शिवाय काहींच्या लक्षातून डावीकडचे जगच निसटते. डोळे शाबूत असतात. तरी ताटातला डावीकडचा घास तसाच राहतो, दाढी अर्ध्याच चेहऱ्याची होते. घड्याळ काढायला सांगावे तर बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसतात. हा दोष नजरेपुरता नाही, हे बिझियाक आणि लुझ्झात्ती या इटालियन संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवले. त्यांच्या रुग्णांना मिलानचा कॅथीड्रल चौक मनात आणून वर्णन करायला सांगितले, तेव्हा डावीकडच्या इमारती गळाल्या. मग चौकाच्या दुसऱ्या टोकाला उभे आहोत असे कल्पायला सांगताच मघाशी गळालेल्या इमारती आठवल्या आणि आधी सांगितलेल्या हरवल्या.

प्रत्यक्ष बैठकीची तयारी साधी, पण नेमकी लागते. कागद चिकटपट्टीने टेबलाला पक्का करतात, कारण दाबून धरायला दुसरा हात नसतो. ब्रशच्या दांड्याला फोम किंवा कापड गुंडाळून तो मुठीत मावेल इतका जाड करतात. पाण्याचे भांडे जड आणि रुंद बुडाचे हवे. लुळा हात लोंबकळत न ठेवता टेबलावर टेकवतात, नाहीतर खांदा दुखायला लागतो. डावीकडे दुर्लक्ष होणाऱ्यांसाठी कागदाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावतात. ती सापडेपर्यंत नजर फिरवायची आणि तिथून सुरुवात करायची. ठिपक्यांची रांगोळी या कामाला फार सोयीची: एक ठिपका सुटला तरी आकृती जुळत नाही आणि रांगोळी काढणाऱ्याला आपली चूक आपोआप कळते. चिमटीतून रांगोळी सोडणे मात्र आखडलेल्या बोटांना अवघड, त्यांना आधी मातीचा गोळा बरा. थकवा लवकर येतो, म्हणून वेळ आटोपशीर ठेवतात.

वाचाघात झालेल्यांना चित्र हे बोलण्याचे दुसरे दार होऊ शकते. ‘होऊ शकते’ एवढेच, कारण भाषेची हानी मोठी असेल तर काहींना आठवणीतून साधी वस्तू काढणेही जड जाते. हयातभर हिशेब सांभाळलेल्या माणसापुढे मेणखडू ठेवले की ‘मला काय बालवाडीत बसवता?’ हा रागही येतो, आणि तो रास्त आहे. ‘छान काढलंय हं आजोबा’ अशा कौतुकाने तो वाढतोच.

या विषयाचे सर्वांत बोलके पुरावे चित्रकारांकडून मिळाले. जर्मन चित्रकार लोव्हिस कोरिंट यांना डिसेंबर १९११ मध्ये झटका आला. पुढे त्यांचे फटकारे सैल, खडबडीत, धावते झाले. वाल्खेनसे सरोवराची त्यांची नावाजलेली निसर्गचित्रे याच काळातली. नाझींनी नेमकी ही उत्तरकालीन चित्रे ‘विकृत कला’ ठरवली. कोलोनचे आंतोन रेडरशाइट यांनी १९६७ च्या झटक्यानंतर स्वतःच्याच चेहऱ्याची चित्रे पुन्हापुन्हा काढली. आरंभीच्या चित्रांत चेहऱ्याचा एकच अर्धा भाग आहे, पुढे कागदाची डावी बाजू हळूहळू भरत जाते. बल्गेरियाचे झ्लात्यू बोयाजिएव्ह यांची उजवी बाजू १९५१ मध्ये गेली, वाचाही गेली. त्यांनी डाव्या हाताला चित्र शिकवले. आधीची शांत, मोजूनमापून केलेली चित्रे मागे पडली आणि भडक रंगांचे, माणसांनी गजबजलेले मोठे कॅनव्हास आले. मात्र हे तिघे आधीपासूनचे कसलेले चित्रकार होते. त्यांच्यावरून सर्वसाधारण रुग्णाचे भाकीत करणे धाडसाचे.

‘आर्ट थेरपी’ हा शब्द १९४२ मध्ये ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी रूढ केला; क्षयरोगाच्या आरोग्यधामात स्वतः रुग्ण असताना त्यांना चित्र काढण्याचा उपयोग जाणवला होता. ब्रिटनमध्ये आज नोंदणीशिवाय कोणाला स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवता येत नाही. आपल्याकडे याची वाट मुख्यतः व्यवसायोपचारातून, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीतून गेली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये तिची शाळा काढली. विणकाम, सुतारकाम, मातीकाम ही त्या शास्त्राची जुनी साधने होत. फरक असा की व्यवसायोपचारात बोट किती वळले हे पाहतात, कलोपचारात त्या बोटाने काय सांगितले हेही विचारतात.

परिणामांबाबत दावे जपून करावेत. झालेले अभ्यास बहुधा लहान आहेत. हाताची ताकद वाढल्याचा पुरावा तोकडा आहे. मनःस्थितीबाबतची निरीक्षणे अधिक आशादायक. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येते, त्यामुळे हाही लाभ थोडा नव्हे. औषधे, व्यायाम आणि वाचोपचार (स्पीच थेरपी) यांना मात्र हा पर्याय नाही.

घरी सराव करताना नातेवाइकांकडून एक चूक हमखास होते: रुग्णाने रिकामी सोडलेली डावी बाजू ते मायेने रंगवून टाकतात. ती तशीच ठेवून मागे तारीख घालावी. महिन्याभराने दोन कागद शेजारी मांडले की रिकामी जागा किती सरकली ते बोटाने मोजता येते.