‘फिक्स्ड’ बायस: गिटार ॲम्पच्या ट्यूब बदलण्यामागचा इतिहास

गिटार ॲम्पच्या पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या शेवटच्या व्हॅक्यूम ट्यूब) बदलल्या की बायस, म्हणजे ट्यूबचा करंट ताब्यात ठेवणारं व्होल्टेज, पुन्हा लावावा लागतो का? दोन अनुभवी टेक्निशियनना विचारा, दोन उलट उत्तरं मिळतील आणि बऱ्याचदा दोन्ही बरोबर असतील. गोंधळाचं मूळ ‘फिक्स्ड बायस’ या नावात आहे. ज्या ॲम्पला हे नाव लागतं, त्याचाच बायस हाताने लावावा लागतो. ज्याला ते लागत नाही, त्याची जुनी ट्यूब काढायची, नवी बसवायची आणि वाजवायला लागायचं. नाव आणि वागणूक अशी एकमेकांच्या उलट कशी झाली, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

ट्यूबच्या फिलामेंट (तापणारी तार) आणि प्लेट (इलेक्ट्रॉन गोळा करणारा पत्रा) यांच्या मधे ग्रिड, म्हणजे जाळी, आली ती १९०६ साली. या ग्रिडवर थोडं ऋण व्होल्टेज ठेवलं की ट्यूबमधून वाहणारा करंट ताब्यात राहतो. हे ऋण व्होल्टेज म्हणजे बायस. १९२०च्या दशकातल्या रेडिओंना तीन बॅटऱ्या लागत: फिलामेंट तापवायला ‘ए’, प्लेटला ‘बी’ आणि ग्रिडला ‘सी’. ट्यूबने करंट कितीही ओढला तरी सी बॅटरीचं व्होल्टेज जागचं हलत नसे. ‘फिक्स्ड’ हे विशेषण त्या व्होल्टेजला लागलं होतं. पुढे बॅटऱ्या गेल्या, ट्रान्सफॉर्मरवरून वेगळा ऋण पुरवठा घेतला जाऊ लागला, पण शब्द तोच राहिला.

दुसरी पद्धत कॅथोड बायसची. इथे कॅथोड (ट्यूबचा इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक रेझिस्टर असतो. करंट वाढला की कॅथोडचं व्होल्टेज वर चढतं, त्याच्या तुलनेत ग्रिड आणखी ऋण होते आणि करंट पुन्हा खाली येतो. ट्यूब स्वतःच स्वतःला आवरते. म्हणून जुन्या पुस्तकांत हिला ‘सेल्फ बायस’ किंवा ‘ऑटोमॅटिक बायस’ असंही म्हटलेलं सापडतं. फिक्स्ड बायसमध्ये आवरणारं कुणी नसतं. जास्त करंट ओढणारी ट्यूब बसली तर ती ओढतच राहते. अंधारात ॲम्पच्या मागे डोकावलं की फिलामेंटचा नारिंगी उजेड नेहमीचाच असतो, पण बाहेरच्या राखाडी प्लेटवर लाल डाग उमटून हळूहळू पसरू लागला, तर ट्यूबची शेवटची मिनिटं सुरू झालेली असतात. हे एकदा पाहिलेला माणूस बायसचा विषय पुन्हा हलक्यात घेत नाही.

प्रीअँपच्या (गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाच्या) १२एएक्स७सारख्या छोट्या ट्यूब जवळजवळ नेहमी कॅथोड बायसवर चालतात. त्या बदलताना काहीच लावावं लागत नाही. सगळा वाद पॉवर ट्यूबचा.

आता इतिहासाचा तो भाग, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ६एल६ ही पॉवर ट्यूब १९३६ साली आली, १२एएक्स७ १९४६ साली. गिटार ॲम्प बनवणाऱ्यांनी या ट्यूब रेडिओ आणि ध्वनिक्षेपणाच्या धंद्यातून आयत्या उचलल्या. गिटारसाठी म्हणून त्या कुणी घडवल्या नव्हत्या. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत औषधांच्या दुकानांतसुद्धा ट्यूब तपासायचं यंत्र उभं असे. घरच्या टीव्हीतल्या संशयास्पद ट्यूब लोक घेऊन येत, एकेक सॉकेटमध्ये खोचून काटा बघत आणि खराब निघालेलीच्या जागी त्याच यंत्राच्या खालच्या कपाटातली नवी घेऊन जात. ट्यूब म्हणजे बल्बसारखी वस्तू होती. कारखाने प्रचंड होते, माल एकसारखा होता, आणि ॲम्पची रचना करणाऱ्याला भरवसा होता की ग्राहक उद्या कुठलीही ६एल६ आणून लावेल. त्यामुळे त्या काळच्या कित्येक फिक्स्ड बायस ॲम्पमध्ये बायस लावायला पॉटच (फिरवून बदलायचा रेझिस्टर) नाही. ठरावीक रेझिस्टर, ठरावीक व्होल्टेज, विषय संपला.

साठच्या दशकात मोठ्या ॲम्पमध्ये बायसची पातळी वरखाली करणारा पॉट दिसू लागला. चांगली सोय होती. पण त्याच दशकाच्या अखेरीस, नुकत्याच मालकी बदललेल्या एका मोठ्या अमेरिकन उत्पादकाने एक निर्णय घेतला, ज्यावर आजही टेक्निशियन भांडतात. पॉट तसाच ठेवून त्याचं काम बदललं. अशा ॲम्पमध्ये पॉवर ट्यूब आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंना जोडीने काम करतात. आता तो पॉट पातळी न बदलता या दोन बाजूंच्या ट्यूबमधला तोल बदलू लागला: एका ट्यूबचं ऋण व्होल्टेज वाढवलं की दुसरीचं कमी. दोन बाजूंचा करंट सारखा झाला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये गुणगुण एकमेकींना मारते, म्हणून तो पॉट गुणगुण सगळ्यात कमी होईल तिथे ठेवायचा. बाजूने बोलणारे म्हणतात की तेव्हा ग्राहक जोडी न जुळलेल्या ट्यूब लावत, त्यांच्यासाठी हे योग्यच होतं, आणि कानाने जुळवता येत असल्याने मीटर लागत नसे. मला ही बाजू कळते, पटत नाही. तोल साधला तरी दोन्ही ट्यूब मिळून जास्त तापताहेत की उपाशी आहेत, हे त्यातून कळत नाही. पातळीचा पॉट काढून टाकणं म्हणजे गाडीचा ब्रेक काढून आरसा मोठा लावण्यासारखं झालं. आज हे ॲम्प दुरुस्तीला आले की अनेक टेक्निशियन दोन-तीन तारा हलवून तो पॉट पुन्हा पातळीचा करतात. मीही तेच करायला सांगेन.

पुढे एका उत्पादकाने पॉट पूर्णच काढला आणि त्याऐवजी स्वतः निवडून, रंगांची खूण लावून ट्यूब विकल्या: आमच्याच ट्यूब घ्या, बायसला हात लावायची गरज नाही. अमेरिकेत जाणाऱ्या ब्रिटिश ॲम्पमध्ये ईएल३४ या पॉवर ट्यूबच्या जागी ६५५० या दुसऱ्या ट्यूब बसवल्या जात, हेही त्याच काळातलं. ६५५०ला जास्त ऋण व्होल्टेज लागतं. नंतर कुणी मूळ आवाजाच्या ओढीने त्यात ईएल३४ परत लावल्या आणि बायस तसाच ठेवला, तर ट्यूब थंड चालतात आणि आवाज पातळ, किरकिरा येतो.

सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत अमेरिका आणि पश्चिम युरोपातले मोठे कारखाने एकेक करून बंद पडले. टीव्ही, रेडिओ ट्रान्झिस्टरवर गेल्यावर गिटारवाल्यांपुरता माल काढणं कुणाला परवडेना. सोव्हिएत संघात मात्र ट्यूब बनत राहिल्या. १९७६ साली एका वैमानिकाने जपानमध्ये उतरवलेल्या मिग-२५च्या इलेक्ट्रॉनिक्समध्येही ट्यूबच निघाल्या होत्या. आज गिटार ॲम्पच्या बहुतेक ट्यूब रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. एकाच नावाच्या दोन ट्यूब आता एकाच बायसवर बऱ्यापैकी वेगळा करंट ओढू शकतात. ‘मॅच्ड पेअर’ला (सारखा करंट ओढणाऱ्या ट्यूबच्या जोडीला) आलेलं महत्त्व आणि जुन्या न वापरलेल्या साठ्याचे चढे भाव, दोन्ही यातूनच आले. बल्बसारखी बदलायची वस्तू मोजून लावायची झाली. ॲम्प तेच होते, पण ज्या भरवशावर ते बांधले होते तो गेला.

याच काळात ७० टक्क्यांचा नियम रूढ झाला: ट्यूब शांत असताना प्लेटवरची उष्णता कमाल मर्यादेच्या ७० टक्क्यांच्या आसपास ठेवा. ६एल६जीसीची (६एल६ची नंतरची आवृत्ती) मर्यादा ३० वॅट, तिचे ७० टक्के म्हणजे २१ वॅट. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर प्रत्येक ट्यूबला साधारण ४७ मिलिअँपिअर. अनेकजण हा आकडा जुन्या काळापासून चालत आल्यासारखा सांगतात. पण याच ट्यूबच्या उत्पादकाने दिलेल्या मूळ तक्त्यात ४५० व्होल्टला जोडीचा शांत करंट ११६ मिलिअँपिअर दिला आहे, म्हणजे प्रत्येकी ५८ मिलिअँपिअर, २६ वॅट, मर्यादेच्या ८७ टक्के! तिथे ग्रिडवर उणे ३७ व्होल्ट आहेत आणि स्क्रीनवर (ग्रिड आणि प्लेटच्या मधली दुसरी जाळी) ४०० व्होल्ट. त्या काळच्या ट्यूब ते सोसत होत्या. आजच्या ट्यूबला ७० टक्के हा शहाणपणाचा आकडा आहे, पण ती वरची सीमा समजावी. थोडं खाली, ६० टक्क्यांवर आवाज आवडला, तर तिथेच थांबावं.

मार्च २०२२मध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले आणि तिथल्या ट्यूब बंद होणार अशी बातमी आली. काही आठवड्यांतच माल पुन्हा निघू लागला, तरी तेवढ्या काळात दुकानं रिकामी झाली आणि भाव चढले.

अलीकडच्या बऱ्याच ॲम्पमध्ये बायस तपासायचे टेस्ट पॉइंट बाहेरच दिलेले असतात. आत कॅथोडला एक ओहमचा रेझिस्टर असतो, त्यामुळे मीटरवर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. त्यात स्क्रीनचा थोडा करंटही मोजला जातो. जुन्या ॲम्पमध्ये मात्र चेसिस (आतली धातूची पेटी) उघडावी लागते, आणि प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर चार्ज उरलेला असू शकतो. तो उतरवून, मोजून खात्री केल्याशिवाय आत बोट घालू नये.