हात आत गेलाच कसा?

भोसरी, चाकण किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कितीतरी छोटी शेड्स आहेत. रस्त्यावरूनच ज्याची धडधड ऐकू येते ते यंत्र बहुतेक वेळा पॉवर प्रेस असतं. पत्रा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, रॅम, म्हणजे वरचा जड ठोकळा, खाली येतो आणि ब्रॅकेट किंवा वॉशर तयार. याच रॅमखाली बोटं जातात. मग अपघाताच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात ठरलेलं वाक्य पडतं : ‘कामगाराचा निष्काळजीपणा.’

या वाक्याचं वय बरंच आहे. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिकने १९३१ मध्ये सांगितलं की, १०० पैकी ८८ अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे होतात. हा आकडा आजही सुरक्षा प्रशिक्षणाच्या स्लाइड्सवर सापडतो. पण तो विम्याच्या दाव्यांतून आणि कारखानदारांनी ठेवलेल्या नोंदींतून निघालेला होता. नोंद लिहिणारा जर मालकाचा माणूस असेल, तर त्यात दोष कुणाचा निघणार हे सांगायला संशोधक कशाला हवा?

निष्काळजीपणा म्हणजे नेमकं काय, हे जरा जवळून पाहू. मिनिटाला ६० फेरे मारणाऱ्या प्रेसचा रॅम साधारण अर्ध्या सेकंदात वरून खाली येतो. काही दिसल्यावर हात हलायला सुरुवात होईपर्यंतच माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. नवखा ऑपरेटर प्रत्येक वेळी विचार करून पेडल दाबतो. सरावलेल्याचं तसं नसतं. पत्रा ठेव, हात काढ, पाय दाब हा क्रम त्याच्या मेंदूने एकच हालचाल म्हणून साठवलेला असतो. कुलूप लावून निघाल्यावर दहा पावलांवर ‘लावलं की नाही?’ असा प्रश्न पडतो, तो याच सवयीमुळे. एखादा पीस तिरका बसतो, हात तो सरळ करायला पुन्हा आत जातो, आणि पाय मात्र जुन्या लयीत पेडलवर पडतो. ही चूक सराव झाला म्हणून होते. त्यामुळे ‘लक्ष देऊन काम करा’ हा बोर्ड तिथे काहीच करत नाही.

आता यंत्राकडे. अनेक जुन्या प्रेसमध्ये पिनचा किंवा कीचा क्लच असतो. एकदा तो फ्लायव्हीलला, म्हणजे सतत फिरणाऱ्या जड चाकाला अडकला की रॅम पूर्ण फेरी मारूनच थांबतो, मध्येच थांबवायची सोय त्यात नाही. अशा प्रेसला हात ओळखणारा महागडा सेन्सर लावला तरी तो फक्त पाहत बसेल. शिवाय क्लचची स्प्रिंग किंवा पिन झिजली, तर पेडल न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येऊ शकतो. त्या वेळी ऑपरेटर तयार पीस काढायला हात घालत असतो, आणि त्याने काहीच चुकीचं केलेलं नसतं. अशा प्रेसवर भरवशाचा उपाय म्हणजे बोट शिरणारच नाही इतक्या अरुंद फटीचं पक्कं गार्ड, आणि पत्रा आत सरकवायला घसरगुंडी. यंत्राच्या धोकादायक भागाला कुंपण हवं, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ मध्येच लिहिलेलं होतं.

हवेच्या दाबावर चालणारा घर्षण-क्लच असेल तर रॅम अध्येमध्ये थांबवता येतो. तिथे प्रकाशकिरणांचा पडदा, म्हणजे कारखान्यातल्या भाषेत ‘सेन्सर’, कामाचा. हात किरणांत आला की ब्रेक लागतो. पण हा पडदा डायपासून किती अंतरावर लावायचा? आंतरराष्ट्रीय मानकात हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. सेन्सरने हात ओळखून रॅम थांबेपर्यंत ०.२ सेकंद लागत असतील, तर तेवढ्यात हात ४० सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे पडदा निदान तेवढा लांब हवा. किरण विरळ असतील तर आणखी लांब.

मला यातली खरी गोम पुढे वाटते. वर्षभराने ब्रेकचं लायनिंग झिजतं, थांबायला ०.२५ सेकंद लागू लागतात. आता ५० सेंटिमीटर हवेत, पडदा मात्र ४० वरच आहे. सेन्सरचा हिरवा दिवा तसाच जळतो, हात घातला की प्रेस थांबतेही, पाहुण्यांना प्रात्यक्षिकही छान दाखवता येतं. फक्त ती थांबते उशिरा. हे डोळ्यांना दिसत नाही, थांबायचा वेळ मोजावाच लागतो. तो शेवटचा कधी मोजला, हा प्रश्न मी कुठल्याही कारखान्यात सर्वात आधी विचारेन. हेल्मेटं मोजण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

दोन बटणांचंही तसंच. दोन्ही हात बटणांवर असले तरच रॅम खाली यावा, ही कल्पना साधी. पण एक बटण दोरीने बांधून ठेवता येतं, म्हणून चांगल्या सर्किटमध्ये दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबावी लागतात आणि पुढच्या फेरीआधी दोन्ही सोडावी लागतात. स्वस्त जोडणीत हे नसतं आणि दोरी दिसतेच.

दोरी दिसली की सुपरवायझर मेमो देतो. चार दिवस दोरी गायब, पाचव्या दिवशी परत. ती कशासाठी बांधली, हे विचारलं तर उत्तर बहुधा शहाणपणाचं निघतं : पीस पंचला, म्हणजे रॅमला लावलेल्या वरच्या साच्याला चिकटतो, एका हाताने ओढून काढावा लागतो, आणि टार्गेट तर ठरलेलं आहे. म्हणजे दुरुस्ती डायमध्ये हवी आहे. पीस सोडवणाऱ्या स्ट्रिपरची स्प्रिंग बदलली की दोरीची गरज संपते. सुरक्षा संस्कृती या भारदस्त शब्दांत मला तरी एवढंच अभिप्रेत आहे, की दोरीबद्दल खरं सांगणाऱ्याला शिक्षा होऊ नये. कंत्राटी मुलगा उद्या काम जाईल या भीतीने गप्प बसला, तर ती स्प्रिंग कुणालाच कळत नाही.

गेटवरच्या ‘अपघातविरहित दिवस’ फलकाबद्दल म्हणूनच मला शंका असते. त्या आकड्यावर बोनस लावला की ठेचलेलं बोट रजिस्टरमध्ये येत नाही, खासगी दवाखान्यात जातं. उलट थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांची वही सुरू केली, तर पहिल्या काही महिन्यांत नोंदी भराभर वाढतात आणि व्यवस्थापन घाबरतं. घाबरायचं कारण नाही. ‘तीन नंबरची प्रेस आज डबल पडली’ एवढी ओळ कुणी लिहिली, की प्रेस बंद करून क्लच उघडायचा, झिजलेली पिन बदलायची आणि काय सापडलं ते त्याच वहीत, त्याच ओळीखाली लिहायचं. दुसरी नोंद कुणी करील की नाही, हे त्या उत्तरावर ठरतं.