वस्तऱ्याचं पातं: शेफील्डपासून पेठेतल्या सलूनपर्यंत

बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात कुलपं आणि अडकित्त्यांच्या ढिगात कधी एखादा जुना वस्तरा हाती लागतो. मुठीवर भाळू नये, आधी पात्याच्या बुडाशी असलेला ठसा वाचावा. बहुतेकदा तो इंग्लंडमधल्या शेफील्डचा नाहीतर जर्मनीतल्या झोलिंगनचा निघतो.

१७४०च्या दशकात शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने स्प्रिंगसाठी एकजीव पोलाद हवं म्हणून ते मुशीत वितळवलं. (दक्षिण भारतात मुशीतलं पोलाद त्याच्या कित्येक शतकं आधीपासून बनत होतं, हे विसरू नये.) त्या पोलादाचे वस्तरे जाड, पाचरीसारखे असत. पुढे एकोणिसाव्या शतकात झोलिंगनच्या कारागिरांनी पात्याच्या दोन्ही बाजू सहाणेच्या चाकावर आत खोलगट घासायला घेतल्या. पातं हलकं झालं आणि धार लावणं सोपं झालं. १८८७च्या ब्रिटिश कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यामुळे ‘मेड इन जर्मनी’ लिहिलेला वस्तरा सहसा त्यानंतरचा समजावा.

आपल्याकडे हे पातं फक्त दाढीपुरतं नव्हतं. नाभिकाच्या धोकटीत वस्तरा, नखं काढायची नराणी, वाटी आणि आरसा असे. त्याच वस्तऱ्याने विधवांचं केशवपन होई. फुल्यांच्या सत्यशोधक विचारातून १८९० साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि हे काम आपण करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. पुण्यातल्या समाजसुधारणेच्या चर्चेत या माणसांचं नाव फार कमी येतं, याचं मला वाईट वाटतं.

जिलेटचं दुधारी ब्लेड १९०३ साली विक्रीला आलं आणि घरच्या दाढीतून वस्तरा मागे पडत गेला. सलूनमध्ये तो टिकला. पण १९८६ साली भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले आणि पुढे गिऱ्हाईक ‘नवीन ब्लेड लावा’ म्हणू लागलं. आता कारागीर ब्लेड कागदासकट मधोमध वाकवतो, कट् करून मोडतो आणि अर्धं पातं वस्तऱ्यात सरकवतो. चामड्याच्या पट्ट्यावर परजायची गरजच उरली नाही.

हे अर्धं ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड आणि फार तीक्ष्ण असतं; हात जरा तिरका पडला की कापतं. अखंड, म्हणजे पातं न बदलता धार लावून वापरायचा वस्तरा त्या मानाने चूक पोटात घालतो. म्हणून शिकणाऱ्याने अखंडच घ्यावा, पाच किंवा सहा अष्टमांश इंच रुंदीचा, खोलगट घासलेला. कार्बन पोलादाला धार लवकर लागते, पण पुण्याच्या पावसाळ्यात न पुसता ठेवलं तर गंजही लवकर चढतो. स्टेनलेस गंजाला दाद देत नाही, मात्र धार लावायच्या दगडावर वेळ खातं. जुना घेताना धारेच्या कडेलाच गंजाचे खड्डे दिसले तर तो तिथेच ठेवून पुढे जावं. पाठीवरचा गंज चालतो, तो घासून निघतो.