डेल्फ्टची मृत्पात्रे

नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात सतराव्या शतकापासून बनत आलेली, पांढऱ्या झिलईवर हाताने रंगवलेली मातीची भांडी व फरशा. पांढऱ्यावर निळे चित्रकाम ही त्यांची ओळख. म्हणून ‘डेल्फ्ट ब्ल्यू’ हे नाव रूढ झाले. दिसायला ती चिनी मातीच्या भांड्यांसारखी असली तरी त्यांची जात वेगळी आहे. जुन्या बशीच्या कडेचा टवका उडाला की आतली पिवळसर, सच्छिद्र माती दिसते. पांढरेपणा सगळा वरच्या थराचा असतो.

हा थर कथलाचा. शिसे घातलेल्या झिलईत कथलाचे ऑक्साइड मिसळले की ती दुधाळ व अपारदर्शक होते. ही विद्या पश्चिम आशियातून स्पेन व इटलीमार्गे उत्तरेकडे पोहोचली. सोळाव्या शतकाच्या आरंभी इटालियन कुंभार अँटवर्पमध्ये स्थायिक झाले आणि १५८५ मध्ये ते शहर स्पॅनिश सैन्याच्या हाती पडल्यावर त्यांच्या परंपरेतले अनेक कारागीर उत्तरेच्या डच प्रांतांत गेले.

डच लोकांना चिनी भांड्यांचे वेड लागले ते १६०२ नंतर. पकडलेल्या पोर्तुगीज जहाजांवरचा माल लिलावात निघाला, पुढे डच ईस्ट इंडिया कंपनीने तो नियमित आणला. १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळली, चीनमधील धुमश्चक्रीत पुरवठा आटला आणि डेल्फ्टच्या कुंभारांना मोकळे रान मिळाले. शहरातील बिअरचे कारखाने तेव्हा बंद पडत होते. कालव्यालगतच्या त्या प्रशस्त इमारतींत भट्ट्या उभ्या राहिल्या. शतकाच्या अखेरीस असे सुमारे तीस कारखाने होते.

कसब खरे दिसते ते चित्रकाराच्या हातात. एकदा भाजलेले भांडे झिलईच्या पातळ काल्यात बुडवून सुकवतात. वर पिठूळ थर बसतो. भरतकामाचा नमुना कापडावर उतरवतात तसा टोचलेला कागद त्यावर ठेवून कोळशाची पूड फिरवली की ठिपक्यांत आकृती उमटते. मग गडद रेघांनी बाह्यरेषा आणि त्यात पातळ रंगाच्या छटा. कोरडी झिलई पाणी तत्क्षणी शोषते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. शिवाय कोबाल्टचा रंग लावताना काळपट दिसतो, निळा होतो तो भट्टीतच. किती निळा होईल याचा अंदाज अनुभवानेच येतो. चांगल्या मालावर शेवटी पारदर्शक झिलईचा शिडकावा देत; रंगाला खोली त्यानेच येई.

सुरुवातीच्या पात्रांवर चिनी नक्षीची नक्कल आहे. ‘ग्रीक अ’ कारखान्याचे मालक आद्रियानस कोक्स यांनी इंग्लंडची राणी दुसरी मेरी हिच्यासाठी घडवलेली उंच, अनेक मजली फुलदाणी हा या कलेचा राजेशाही आविष्कार. पण डच स्वभाव जास्त मोकळेपणाने दिसतो तो साध्या फरशांवर: खेळणारी मुले, मासेमारीची होडी, पवनचक्की, एखादा शिपाई. कोपऱ्यात छोटी नक्षी आणि मधली बरीच जागा कोरी. चुलीभोवती आणि चुना दिलेल्या भिंतींच्या तळाशी, ओल व फरशी पुसण्याच्या पाण्यापासून बचाव म्हणून, त्या बसवत. योहानेस फेर्मेरच्या दूध ओतणाऱ्या स्त्रीच्या चित्रात तशी ओळ दिसते. या फरशा डेल्फ्टपेक्षा रॉटरडॅम, हार्लिंगन, माक्कुम अशा गावांत अधिक बनत, हे बहुधा विसरले जाते. भारतातही उदयपूरच्या राजवाड्यातील चिनी चित्रशाळेत डच फरशा आहेत.

अठराव्या शतकात जर्मनीतील माइसेनची अस्सल चिनी माती आणि पाठोपाठ वेजवूडची स्वस्त, टिकाऊ इंग्रजी भांडी बाजारात आली. टवके उडणारी डेल्फ्टची भांडी त्यांच्यापुढे टिकली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जुन्यांपैकी १६५३ मध्ये स्थापन झालेला ‘पोर्सेलेने फ्लेस’ हा एकच कारखाना उरला. १८७६ मध्ये योस्ट थोफ्ट यांनी तो विकत घेऊन चित्रकामाला नवा जोम दिला. त्यांनी अधिक कठीण, पांढरी माती वापरली; त्यामुळे तेथे आता रंग भाजलेल्या मातीवर थेट लावून वर पारदर्शक झिलई देतात. दुकानांतला पुष्कळसा माल छापील नक्षीचा असतो. या कारखान्याच्या हाताने रंगवलेल्या पात्राच्या तळाशी बाटलीचे चिन्ह, चित्रकाराची आद्याक्षरे आणि वर्षाची सांकेतिक अक्षरे असतात.